पट्टा

आईचा चांदीचा पट्टा विकून आणलं होतं हे इंजिन.
डॅनिश, एका सिलिंडरचं.
तीन हंगाम चाललं. चौथ्यात बोट खडकावर बसली,
बाबांनी इंजिन तेवढं काढून शेडमध्ये ठेवलं
आणि त्यावर ताडपत्री टाकली.

आता त्याच्या सपाट माथ्यावर
मी चांदी ठोकते.
ऐरण म्हणून वाईट नाही, यौरुन म्हणते.

यौरुन दर मंगळवारी शाळेच्या सुतारखोलीत
आम्हा सहा बायकांना आणि एका निवृत्त पोस्टमनला
तार ओढायला शिकवते:
जंतराच्या भोकातून, मग त्याहून बारीक भोकातून,
मग त्याहून.
शेवटी उरतं ते पोस्टमन आपल्या दाढीला लावून बघतो.

नोव्हेंबरपासून सूर्य डोंगरामागेच.
दिवसभर मी कारखान्यात कॉडचे काटे काढते,
तिथे घाई लागते.
इथे घाई केली की डाखाआधी फूलच वितळतं.
टाकणखाराचं पाणी, डाखाची चिमूट,
फुंकणीची निळी जीभ,
आणि चांदी लालसर होता होता एक क्षण
डाख असा पळतो
जसं ओहोटीचं पाणी फटीफटीतून.
हुकला की हुकला.
पाचवं घर तसंच गेलं. आठ पाकळ्यांचा एक गोळा.
फेकलं नाही. चांदी रुसत नाही,
पुन्हा मुशीत.

चांदी म्हणजे अकरा चमचे
(बाराव्याविषयी आमच्यात कोणी बोलत नाही)
आणि आत्याचा बाप्तिस्म्याचा पेला.

आईच्या पट्ट्याचं माप कुणालाच ठाऊक नाही.
एक फोटो आहे, सतरा जूनचा,
मागे बँडवाले, आणि वाऱ्याने
तिचा एप्रन नेमका पट्ट्यावर उडवलेला.
डावीकडे दोन घरं दिसतात, उजवीकडे अर्धं.
त्या अडीच घरांवरून
मी बाकीची वस्ती अंदाजाने वसवली.

साल्व्होर म्हणाली, आई, मला त्यात जेवायचंही आहे.
म्हणून दोन घरं जास्त.

बिजागरीतली चांदीची सळई टिकेना, दोनदा वाकली.
यौरुनला सांगितलेलं नाही:
आत ट्रॉलच्या दोराची पोलादी तार आहे.

सोनार मागच्या बाजूला आपला ठसा मारतात.
मी सोनार नाही.
माझ्याकडे पेट्यांवरच्या पट्ट्यांवर मारायचे अंक आहेत,
कारखान्यात माझा नंबर एक्केचाळीस.
चार नीट उमटला. एक जरा कलला.

काल रात्री सगळी घरं जोडून
आधी माझ्याच कमरेला लावून पाहिला,
माशाचा वास न जाणाऱ्या स्वेटरवरून.
आकडा बसला. श्वास घेतला,
तरी बसलेलाच.
मग इंजिनाला टेकून जराशी उभी राहिले.
पाठीला वाटलं होतं, गार लागेल.
शेगडी शेजारीच होती म्हणून असेल,
लोखंड कोमट होतं.