अनबिकमिंग

प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत मे महिन्यात
एकच पंखा धड फिरायचा,
तो साहेबांच्या खुर्चीवर.
साहेब लाइनवर गेले होते डाकोरकडे
आणि शनाभाईने त्या खुर्चीत बसून
सेव-उसळ खाल्ली.
पावासकट. बोटं चाटून.

एवढंच.
कागद टाइप करायला माझ्याकडे आला:
रेल्वे सेवकास अनबिकमिंग असे वर्तन.
कार्बन घालून तीन प्रती.

शब्द माझ्या बोटांखालून शेकडो वेळा गेलेला.
पिऊन आलेल्याला हाच,
दुसरा घरोबा केलेल्याला हाच,
पैसे खाणाऱ्या तिकीटबाबूलाही हाच –
नाही, त्याला जरा वजनदार शब्द होता.
हा तसा सभ्य. शिवी देत नाही,
मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईसारखा
नुसता वरपासून खालपर्यंत बघतो.

आमच्या दांडिया बाजारात तो मराठीत राहायचा.
ओट्यावर बसून मोठ्याने हसलं, शोभतं का?
सायकलवरून सुरसागरला दोन फेऱ्या,
एक पुरे नव्हती? शोभतं का?
आणि बाबा गेल्यावर चौदाव्या दिवशी
मी अबोली रंगाचं पातळ नेसून कामावर निघाले
तेव्हा आई उंबऱ्याशी येऊन
नुसतं ‘शो–’ म्हणाली
आणि थांबली. डबा हातात दिला.

दुपारी शनाभाई कागद घेऊन आला.
‘बेन, आमां शुं लख्युं छे?’
मी म्हटलं, शोभे नहीं एवुं.
त्याने विचार केला. खरोखरच केला.
‘खुरशी मने मोटी पडे छे?’
शिंप्याला सदऱ्याचं विचारावं तसं.

डिक्शनरीत खाली बारीक टायपात
दुसरा अर्थ आहे: अंगाला न खुलणारा,
कपडा, टोपी, रंग वगैरे.
तो मी त्याला सांगितला नव्हता.
त्याचा त्यानेच काढला.

मिळाल्याची खूण म्हणून त्याने अंगठा उठवला
आणि शाईचा हात हवेत धरून उभा राहिला,
कचेरीत पुसण्यासारखं त्याचं काही नव्हतं.
मी माझा रुमाल दिला.
काचेपलीकडून साहेबांनी पाहिलं,
वरपासून खालपर्यंत.

संध्याकाळी मोरीत आईने
तो डाग उलटसुलट करून बघितला.
काही म्हणाली नाही.
साबण तेवढा पुन्हा लावला.