शेऱ्यासाठी जागा

जहाज सकाळी सातला लागलं, पाचला सुटणार.
क्रालेन्डाइकच्या धक्क्यावर ते उभं राहिलं
की आमचं गावच त्याच्या सावलीत बांधलंय असं वाटतं.
तिला बुड्या हव्यात चार,
आणि नियम म्हणतो, एका दिवसात चार नाहीत.
"दोन माझ्याकडे कर," मी म्हटलं, "दोन उद्या कुरासावला."

डोरीन कोवाल्चुक, वय एकसष्ट,
कॅनडातल्या गव्हाच्या मुलखातली.
पुस्तकी भाग तिनं बाहेर बर्फ पडत असताना उरकला,
आणि शाळेच्या तलावात, दर शनिवारी,
दहा-दहा वर्षांच्या पोरांबरोबर, बाकीचं.
नवरा वर डेकवर पत्ते खेळतोय.
तो म्हणाला होता, या वयात?
त्याच संध्याकाळी हिनं पैसे भरले.

पिवळ्या दगडापाशी गाडी लावली.
एक गाढव आमच्याकडे पाठ करून उभं.
टाकी, पट्टा, शिसं. जमिनीवर हे सगळं
म्हातारपणासारखं लागतं खांद्याला.
मी सगळ्यांनाच हे सांगते.
पाणी कमरेला आलं की मग हसतात.

मास्कमध्ये पाणी घे, नाकानं फुंकून काढ.
पहिल्यांदा ती ताडकन उठून उभी राहिली.
दुसऱ्यांदाही.
मी काही बोलले नाही. नुसती बसून राहिले पाण्यात.
तिसऱ्यांदा, सहा मीटरवर, वाळूत गुडघे टेकून
डोळे गच्च मिटून जमलं तिला;
आणि उघडले तर समोर पोपटमासा,
प्रवाळ खातोय कडाकडा,
चणे खाल्ल्यासारखं.
ती हसली, आणि मास्कमध्ये पुन्हा पाणी शिरलं.
या वेळी तिनं ते आपलं आपण काढलं.

दुसऱ्या बुडीत तिनं वर येताना दम कोंडला.
मी तिच्या छातीवर दोन बोटांनी ठोकलं,
बंद दारावर ठोकतात तसं.
सोड. सोड. वर येताना काही धरून ठेवायचं नाही.
हा सगळ्यात पहिला नियम.
सगळ्यात आधी विसरतो तोही हाच.

मग गाडीच्या बॉनेटवर कागद.
वरचा अर्धा माझा: तारीख, खोली, सही, इल्वा विंकलार.
खालचा अर्धा उद्याच्या माणसाचा.
सकाळी फोनवर तिथली डच पोरगी म्हणाली,
"उद्या शार्लन मोकळा आहे."
मी म्हटलं, "चालेल."
शार्लन माझा मुलगा.
बापाची बोट मी विकली त्याला दोन वर्षं झाली,
तेव्हापासून आमच्यात शब्द नाही.
त्या पैशांत कॉम्प्रेसर आला.
आज डोरीन जी हवा प्याली
ती तशी पाहिली तर त्या बोटीचीच.

खाली एक चौकोन असतो, शेऱ्यासाठी.
लिहिलं: मास्क जमतो. वर येताना दम धरते, आठवण द्यावी.
दीड ओळ उरली.
पेन हातात, ओल्या केसांतून कागदावर थेंब.
लिहिलं: ज्यानं बोट घेतली, त्यानं नाव बदललेलं नाही.

डोरीननं वाचलं. "हे माझ्याबद्दल आहे?"
"नाही. पण ने."
तिनं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला,
पासपोर्टच्या आत,
आणि पिशवीचं तोंड दोनदा दाबून पाहिलं.

पाचला भोंगा झाला. मी गोड्या पाण्यात मास्क धूत होते,
वर पाहिलं नाही. डेकवरचं कोण कुठलं,
खालून कळत नाही तसंही.

नऊ दिवसांनी दुकानाच्या पत्त्यावर प्रत आली.
तिसरी बुडी, चौथी बुडी, दोन्ही अठरा मीटर. उत्तीर्ण.
त्याची सही, तीच, शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलेलं,
शाळेत मार खायचा त्यावरून.
आणि त्याच्या चौकोनात, बारीक:
रंग कोणता दिलाय आता?

खरं सांगायचं तर मला आठवेना.
रोज तिच्यावरून जाते मी.
दुकानाला कुलूप लावलं, भर अकरा वाजता,
आणि बघायला निघाले.