लांडी

अजब बंगल्यात, काचेआड, एक लांडी बंदूक.
पाटीवर : ठासणीची, घोडेस्वाराची.
रोज दहाच्या आत मी ती काच पुसतो.

मंगळवारी देवलापारचे झिंगरू उईके आले,
नातवाच्या दवाखान्याचे कागद काखेत.
बराच वेळ काचेला नाक लावून उभे.
"स्वाराची कायची, बाप्पा.
कानशीचे ओरखडे पाह्य टोकाले.
कापेल हाय हे."

त्यांच्या पणजाचीही अशीच होती म्हणे.
पलटण मोडली, तसा तो बंदुकीसकट गावी आला.
बोराटीत रानडुक्कर उलटलं
की लांब नळी काट्यांत अडकते,
आणि डुक्कर काही थांबत नाही.
लोहारानं एका दुपारात कापून दिली.
मूठभर छर्रे, वर नारळाचा काथ्या,
एकच बार.
दुसरा ठासायला कोण उरतं?

मी विचारलं, आणि नेम?
"नेम कायचा!
त्याचा श्वास लागला पायजे आपल्याले."

मग नळी संपते तिथून पुढं
काचेवर त्यांनी दीड वीत मोजली
आणि चारची एस्टी धरायला निघून गेले.

पाटी बदलायची तर वरून कागद यावा लागतो.
मी काच पुसतो,
तेवढी दीड वीत सोडून.