कामटी

वडिलांकडे एकच क्रियापद होतं,
ते सगळीकडे चालायचं.
आंबिल ओढा तुंबला, पगार तुंबला,
स्वारगेटला गाड्या तुंबल्या,
शकूआत्याचं लग्न तीन वर्षं तुंबलं.
दहावीला मी गणितात अडले तेव्हाही म्हणाले,
डोकं तुंबलंय पोरीचं.
वरून ढोसू नका, खालून बघा.

महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात एकतीस वर्षं.
वेटोळं केलेली बांबूची कामटी खांद्यावर घेऊन
सायकल मंगळवार पेठेतून निघायची
ती सदाशिव पेठेतल्या एखाद्या बोळात
झाकणाशी थांबायची.
गॅलरीतून कुणीतरी आधीच सांगायचं,
आमचं नाही हो ते, शेजारच्यांचं.
वडील मान डोलवायचे.
कामटी आत सरकायची हात-हात,
आणि ते कान देऊन बसायचे,
जमिनीखालच्या कुणाला पत्ता विचारल्यासारखे.
निघायचे केस, चिंध्या, पूजेची पानं.
एकदा चांदीचं निरांजन निघालं.
ते धुऊन त्यांनी जिन्याच्या पायरीवर ठेवलं
आणि पाणी मागितलं.
पाणी वरून, ओंजळीत आलं.
मग खालून कुणी मोठा घोट गिळावा तसा आवाज,
आणि वडील अख्ख्या बोळाला सांगायचे,
सुटलं!

एकाच दिवसासाठी त्यांच्याकडे शब्द नव्हता.
पर्वतीच्या पायथ्याशी लहानूकाका चेंबरात उतरले
दोर न बांधता, पाच मिनिटांचं काम म्हणून.
कागदावर दुसरंच क्रियापद आलं : गुदमरून.
साहेबांनी ते वाचून दाखवलं, खाली सही घेतली.
घरी आई विचारत राहिली.
वडील म्हणाले, लहानू खाली राहिला.
शेवटची बस चुकून कुणी कुठे राहावं, तसं.
त्यानंतर जेवताना मधेच त्यांचा घास थांबायचा.
आई तांब्या पुढे सरकवायची.
आम्हाला वाटायचं, कालवण तिखट झालं.

आता ते अठ्ठ्याहत्तरचे.
फेब्रुवारीत उजवी बाजू गेली
आणि जाताना बहुतेक भाषा घेऊन गेली.
ससूनमधल्या त्या तरुण बाईंनी मला शिकवलं :
पातळ पाणी द्यायचं नाही, श्वासनळीत जातं.
पावडर टाकून घट्ट करा,
हनुवटी छातीशी, चमचा अर्धाच.
पाणी घट्ट करायचं
हे ऐकून वडील अर्ध्या तोंडाने हसले.
जन्मभर उलटं काम केलेला माणूस.

परवा नदीकाठी ढोलांचा सराव चालू होता,
खिडकीच्या काचा थरथरत होत्या.
मी मीठ आणायला उठले, तेवढ्यात
त्यांनी डाव्या हाताने माझ्या ताटातली भाकरी मोडली.
ठसका लागला असता तर कळलं असतं.
पण आवाजच नव्हता.
उघडं तोंड, जांभळे होत चाललेले ओठ,
आणि डोळे माझ्याकडे नाही,
फरशीकडे.
बोट घालावंसं वाटलं. वरून ढोसू नका.
मी त्यांना पुढे वाकवलं,
दोन खवाट्यांच्या मधे तळहाताची टाच मारली.
बापाला मारत होते मी, मोजून.
चौथ्याला काही नाही.
पाचव्याला पेराएवढा तुकडा माझ्या पायावर पडला
आणि श्वास आत गेला
तो थेट त्या बोळातला आवाज करत.

सुटलं, म्हणाले मी. त्यांच्याच चालीत.

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.
बराच वेळ जबडा जुळवत राहिले.
पाच महिन्यांनी पहिला धड शब्द आला,
आणि तो शब्द होता, लहानू?
प्रश्नचिन्हासकट.

माझ्या घशाशी जे झालं
त्याला कोशात पुष्कळ शब्द असतील.
आमच्या घरात एकच आहे.

मी तुकडा उचलला, फरशी पुसली.
ढोल थांबले नव्हते.
पेल्यात पावडर टाकून ढवळत बसले,
पाणी जड होईपर्यंत.