शेवटचा रकाना

आमच्यात पायाच्या फोडाला हरभरा म्हणतात.
टाचेला आला की बब्रुवान विचारतो,
घाटे धरले का अजून फुलोऱ्यातच?
आणि सुई तापवायला घेतो काडेपेटीच्या काडीवर.

जी टेकडी शेवटची वाटते आणि नसते,
ती मेव्हणा.
सौताड्यापासून अंबाजोगाईपर्यंत
बालाघाटानं आम्हाला एकोणीस मेव्हणे दिले
आणि प्रत्येकाचा मान राखावा लागला,
बसून, पाणी पिऊन.

न मागता पाणी देणारं माणूस म्हणजे रांजण.
लिंबागणेशच्या अलीकडे भेटलेला रांजण आठ वर्षांचा होता,
शाळा बुडवून शेळ्यांमागं.
आमची बाटली भरून देताना म्हणाला,
मास्तरला सांगू नका.

चालायचंच नाही असा दिवस, तो पोळा.
पोळ्याला कुणाच्या मानेवर सॅक ठेवायची नाही.

आणि सुताला धरून चालतो तो सुतार:
काल ज्या दगडाशी थांबला
आज पहिलं पाऊल तिथूनच.
मुक्कामाला गावात शिरण्याआधी
बब्रुवान दगडावर खडूनं फुली मारतो.
सकाळी ती फुली सापडेपर्यंत
आम्हाला चहा नाही.

उरलेले टमटम्ये.
हा शब्द शिवीसारखा वापरायचा नाही असा ठराव आहे.
वापरतात.

वही माझ्याकडे. एकतीस वर्षं प्रयोगशाळेत
परीक्षानळ्या मोजल्या, म्हणून.
नाव, गाव, दिवस, हरभरे
आणि शेवटचा रकाना: पूर्ण.

जुनी गाडीवाट पाझर तलावाखाली गेलेली,
खाजामियाँनी काठाकाठानं वळसा घेतला.
लिहिलं, पूर्ण.
बब्रुवान म्हणाला, वाट पाण्याखाली आहे, संपलेली नाही.
गुडघ्यापर्यंत गेला, कमरेपर्यंत गेला,
मग परत आला
आणि धारूरचा किल्ला दिसेपर्यंत कुणाशी बोलला नाही.
त्याच्यापुढंही लिहिलं, पूर्ण.
माझ्या नावापुढं कोरं.

नेकनूरच्या पुढं मला ताप होता.
चार किलोमीटर.
टमटममध्ये कोथिंबिरीच्या जुड्या, कुण्या नवरीची पेटी, आणि मी,
खालून वाट सरकत असताना डोळे मिटलेली.
उतरताना सुटे नव्हते.
पोरगा म्हणाला, ऱ्हाऊ द्या मावशी, पुन्हा कधी.

खाजामियाँ म्हणाले, लिहून टाका, तापाला कोण मोजतंय.
महानंदा म्हणाली, ज्याला विचारावं लागतं
त्याचं झालेलं नसतं.
बब्रुवान नुसता खडू फिरवत राहिला बोटांत.

चैत्रात एकटीच गेले.
अंबाजोगाईची एसटी फाट्यावर सोडते
म्हणून उलटी निघाले, फाट्याकडून नेकनूरकडे.
डांबर मऊ झालेलं. एका अंगाला बिनपानांच्या सीताफळी,
दुसऱ्या अंगाला कुणाच्या तरी बोअरचं यंत्र,
पांढरी भुकटी उडवत, पाणी नाही.
बघण्यासारखं काहीच नव्हतं.
डोळे मिटून जे सुटलं होतं ते एवढंच,
आणि मला बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

तिसऱ्या किलोमीटरला मागून टमटम. तोच.
बसा मावशी.
नको.
जायचं कुठं?
नेकनूर.
मी बी तिकडंच की.
मग त्याला सगळं सांगावं लागलं, भर उन्हात:
वही, रकाना, सुतार.
ऐकून म्हणाला, म्हंजी त्या दिशी मी तुमचं नुकसान केलं?
मी दहाची नोट पुढं केली.
आता वीस झालेत, म्हणाला,
घेतली मात्र दहाचीच.
आणि पहिल्या गिअरवर माझ्या शेजारून येत राहिला,
रिकामा,
मागं तीन मोटारसायकली हॉर्न वाजवताहेत.

बब्रुवान विचारणार, उलटी चाल धरायची का?
धरू नकोस, बाबा.
मी वही उघडून लिहिलं,
नेकनूर ते फाटा, दोनदा. एकदा डोळे मिटून.
रकाना अरुंद आहे, तेवढ्यातच भरला.
हरभरे: एक.
फुलोऱ्यात.