बासष्ट की त्रेसष्ट

रात्री पावणेबाराला ‘दूरयान’चा नववा भाग संपला
आणि मी रिमोट हातात धरून नुसता बसलो,
साचा फोडल्यावर कास्टिंगला हात लावायच्या आधी
बसतात तसा.

आधी चुका सांगतो.
आठव्या डेकवरचा तो व्हॉल्व्ह
उद्यमनगरात कुणी पास करणार नाही.
बायपास नाही, लॉकनट नाही,
आणि ती इंजिनियर बाई, नीलाक्षी,
उलट्या आट्यांचा बोल्ट
सुलटा फिरवून सोडवती!
मी ओरडलो, "अगं, दुसरीकडं फिरव!"
आतल्या खोलीतनं बायको म्हणाली, "कोण आलंय?"

मग नीलाक्षी बाहेर गेली, यानाच्या पाठीवर,
आणि त्यांनी आवाज काढून घेतला.
संगीत नाही. श्वाससुद्धा नाही.
अकरा सेकंद; नंतर मागं घेऊन मोजले मी.
त्या अकरा सेकंदांत आमचा फ्रीज बोलला,
रंकाळ्याच्या अंगानं एक कुत्रं,
मग उसाची ट्रॉली ओढत जाणारा ट्रॅक्टर,
त्याच्या टेपवरचं अर्धंच गाणं.
घर एवढं लांब असतं
हे मला माहीत नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढंच आहे.
तिच्यामागं दार बंद झालं
आणि संगणक हजेरी घ्यायला लागला,
त्याच त्या गार, झोपाळू आवाजात.
रोज तो नुसता म्हणतो, "सगळे आत."
आज पहिल्यांदा आकडा म्हणाला.
यानात माणसं बासष्ट,
एक बाहेर,
उरायला पाहिजेत एकसष्ट.
तो म्हणाला, "बासष्ट. सगळे आत."
आणि काळा पडदा.

दस्तगीरला फोन लावला.
हॅलो नाही, काही नाही.
तो म्हणाला, "ताटं."
मी म्हणालो, "व्हय, ताटं."

सुकुमार चौगुले दीड वर्षापूर्वी सांगत होता:
पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात
जेवणाच्या हॉलमध्ये ताटं त्रेसष्ट आहेत,
थांबवून थांबवून मोजलीत,
यानात कुणीतरी जास्तीचं आहे.
आम्ही किती हसलो.
दस्तगीर म्हणाला, "सुक्या, तू पंगतीत
शेजाऱ्याच्या जिलब्या मोजणारा माणूस."
मी म्हणालो, सेटवरच्या पोरानं
चुकून एक ताट जास्त मांडलं असंल.
दिवाळीत परत तोच विषय निघाला
आणि सुकुमार अर्धा ग्लास कट्ट्यावर ठेवून
गाडीला किक मारून गेला.
चार महिने झाले.

लक्ष्मीपुरीत त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
दिवसभर तांब्याच्या तारेचे वेढे मोजतो.
एक वेढा चुकला तर गिऱ्हाइकाची मोटर जळते.
आणि त्याला आम्ही
मोजायला शिकवत होतो.

गंगावेशीतला दूधकट्टा अजून चालू होता.
दिव्याखाली दोन म्हशी, एक बसलेली,
एक यानाच्या मागच्या बाजूसारखी काळी, प्रचंड, उभी.
गवळ्यानं धार काढता काढता विचारलं, "किती?"
दस्तगीर म्हणाला, "तीन."
"दोघंच हाईसा की."
दस्तगीर माझ्याकडं बघायला लागला.
मी म्हणालो, "तीनच दे."

फेस बसायला लागला.
मी मेसेज लिहिला, तुझं बरोबर होतं.
पुसला. लिहिला, बघितलास काय?
तोही पुसला.
दस्तगीरनं सरळ फोन लावला, स्पीकरवर.
पहिल्यांदा उचलला नाही.
दुसऱ्यांदा उचलला,
आणि बराच वेळ पलीकडनं काहीच नाही,
फक्त पंखा फिरत असलेला.
मी नकळत सेकंद मोजत होतो.

मग सुकुमार म्हणाला,
"त्या बाईला आटे कुठल्या बाजूचे
एवढंबी कळंना व्हय रे?"