माझ्या डावीकडं

भावकाण्णा दिग्दर्शन शिकला वडगावात,
आमच्या कौलांवर, लुंगी खोचून,
अँटिनाचा पाइप दोन्ही हातांनी धरून.
कोल्हापूरकडं फिरवला की मराठी बातम्या,
धारवाडकडं सरकवला की कानडी नाटक,
मधे कुठंतरी
दोन्ही भाषांच्या मुंग्या.

"आलं काय गे?"
"आलं! गेलं. जरा डावीकडं.
तुझ्या नव्हं गा, माझ्या डावीकडं!"

अख्खी गल्ली आमच्या सोप्यात बसून बघायची.
तो एकटा वर.
त्याला दिसायचे
तिसऱ्या गेटाजवळचे दिवे, बस्स.

बाबांचा माग विकला त्या वर्षी तो मुंबईला गेला.
चहा आणला, वायरी गुंडाळल्या,
बाकीचं पत्रात लिहायचा नाही.
मग एकाच खोट्या दिवाणखान्यात
सकाळी मराठी सासू, जेवणानंतर कानडी,
ग्लिसरिनची बाटली तीच.
सहाशे अकरा भाग.

निर्माता म्हणाला, भावकाण्णा पडद्यावर शोभत नाही.
म्हणून तो भावेश झाला.
आई रोज रात्री शेवटच्या पाट्यांसाठी जागायची.
पाट्या सुसाट पळायच्या,
ती अक्षर लावून लावून वाचायची,
भा-पर्यंत पोचली की साबणाची जाहिरात.
"भा तर होता," म्हणायची,
"आपलाच असंल."

एकदा इथल्या पेपरवाल्यानं विचारलं,
तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?
कॅमेऱ्याच्या मागच्या, म्हणाला.
त्यांनी छापलं नाही.

एका मंगळवारी मालिका बंद झाली,
सासूला बेशुद्ध ठेवूनच.
शहापुरात भाजी घेताना अजून बाया मला थांबवतात,
उठली काय गे ती?
मी काय सांगू. त्यालाच माहीत नाही.

आईच्या बाराव्याला आला, दाढी पांढरी.
पंगती उठल्या, भांडी घासून झाली,
हा कुठं दिसेना.

वर होता.
पाइप आहे अजून, गंजलेला,
आम्ही धुण्याची दोरी बांधतो त्याला.
दोन्ही हातांनी तो धरून
उभा साठीला आलेला माणूस,
पायाखाली कौलं करकरतायत.

"आलं काय गे?"

सुतकापासून टीव्हीवर टॉवेल टाकलेला.
मी टॉवेलाकडं बघितलं.
"जरा डावीकडं," म्हटलं.

कुणाच्या,
ते त्यानं विचारलं नाही.